पडलेलं उचलायचं नाही: बुंदीला आणायला नाशिकला

बुंदीला आणायचं हे मिलिंदने ठरवलं. मी गाडी चालवणार होते.

मिलिंद माझा नवरा. सहा वर्षांपूर्वी दुचाकीच्या अपघातात मणक्याला मार लागला, तेव्हापासून तो व्हीलचेअरवर आहे. हात उत्तम चालतात. घरी बसून इमारतींचे नकाशे काढतो. पण खुर्चीतून पुढे वाकला की तोल जातो, त्यामुळे जमिनीवर पडलेली वस्तू त्याच्या दृष्टीने विहिरीत गेलेली असते. पेन, चष्मा, मोबाईल, टॉवेल. सहा वर्षं ते मी उचललं. तो हाक मारायचा म्हणून नाही. तो हाक मारायचा नाही. पेन पडलं की दुसरं घ्यायचा. तेही पडलं की काम थांबवून खिडकीबाहेर बघत बसायचा. मग मी येऊन दोन्ही उचलायची.

नाशिकला अशा माणसांसाठी कुत्री तयार करणारं एक छोटं केंद्र आहे, हे त्याला त्याच्या फिजिओथेरपिस्टने सांगितलं. फोन झाले, घर बघायला माणसं आली, मग खूप दिवस काहीच नाही. या जानेवारीत निरोप आला. कुत्री तयार आहे, आठवडाभर राहायच्या तयारीने या, घरातलं एक माणूस बरोबर हवं.

घरातलं एक माणूस म्हणजे मी.

ज्यांना पुण्याहून जायचं आहे त्यांनी पहाटे निघावं आणि चाकण उजाडायच्या आत मागे टाकावं. आम्हाला ते जमलं नाही. मिलिंदचं सकाळचं आवरणं घाईने होत नाही. चाकणला तास गेला. नारायणगावनंतर रस्ता मोकळा होतो, चंदनापुरीचा घाट आता रुंद आहे. व्हीलचेअर आत जाईल असं स्वच्छतागृह हवं असेल तर ढाब्यावर विसंबू नका, मोठ्या पेट्रोलपंपावर थांबा. आणि ‘आहे का’ असं विचारू नका, उत्तर ‘आहे’ असंच येतं. पायऱ्या किती ते विचारा. आम्ही सिन्नरला जेवलो, थाळी बरी होती, खुर्ची टेबलाखाली जात नव्हती म्हणून ताट त्याच्या मांडीवर.

केंद्र शहराबाहेर, गंगापूर धरणाच्या बाजूला, द्राक्षबागांच्या मधोमध. राहायची खोली साधी, पण न्हाणीघराचं दार रुंद आणि उंबरा नाही. कुत्र्यांच्या खोल्यांवर वरूनही लोखंडी जाळी होती. मी विचारलं तर देवरे मॅडम म्हणाल्या, “बिबट्या. बागेत येतो, उसात येतो. कुत्रं म्हणजे त्याला लाडू.”

देवरे मॅडम म्हणजे बुंदीला शिकवणाऱ्या. मूळच्या सटाण्याच्या, घरी कांद्याचा व्यापार, यांनी कुत्री निवडली. आमच्याशी शुद्ध बोलायच्या. कुत्र्यांवर खूश झाल्या की सटाण्याकडची अहिराणी यायची. बुंदीला आणताना त्या म्हणाल्या, “हुशार शे मनी पोर.” मग आमच्याकडे वळून, “आता तुमची.”

बुंदी पिवळसर लॅब्राडोर, दोन वर्षांची. आधी माझा वास घेतला, सावकाश, पावलांपासून. मग गेली आणि मिलिंदच्या गुडघ्यावर हनुवटी ठेवली. त्याला गुडघ्याला स्पर्श कळत नाही. त्याने खाली बघितलं तेव्हा कळलं.

मला त्याच क्षणी हेवा वाटला. हे लिहिताना सौम्य शब्द शोधला, मिळाला नाही.

नियम पहिल्याच संध्याकाळी सांगितले गेले. “खाणं सरांच्या हातून. दाणा न् दाणा. ताई, तुम्ही तिला हात लावायचा नाही, नावानं बोलवायचं नाही. निदान दोन महिने.”

“मग मी काय करायचं?”

“काही नाही,” देवरे म्हणाल्या. “तेच लोकांना अवघड जातं.”

सकाळी कौतुकाचा धडा होता. वस्तू आणून दिली की कुत्रीचं कौतुक करायचं, लगेच आणि भरघोस. मिलिंद म्हणाला, “शाब्बास.”

“सर, तुम्ही वीजबिल भरल्यासारखं म्हणताय. घरात पोरगी पहिली आली असं म्हणा.”

“माझ्या घरात कोणी पहिलं आलेलं नाही.”

“मग नवरी मांडवात आली असं म्हणा.”

“तेव्हा मी गप्प होतो. हिला विचारा.”

“म्हणून तर शिकवतेय.”

तासाभरात तो शिकला. “शाब्बास गं माझी बाई, किती शहाणी, किती गुणाची.” आवाज वर चढलेला, शेवटी गाण्यासारखा ओढलेला. हा आवाज त्याच्याकडे आहे हे मला ठाऊक नव्हतं. सहा वर्षांत मी आणून दिलेल्या वस्तूवर त्याने म्हटलं असेल तर ‘ठेव तिथं.’ मला ते पुरत होतं. म्हणजे पुरतं असं मी धरून चालले होते.

माझी चूक दुसऱ्या दिवशी झाली. सराव सोपा होता. मिलिंदने मांडीवरची वस्तू खाली पाडायची आणि म्हणायचं, “बुंदी, घे.” त्याने किल्ल्या पाडल्या. फरशीवर किल्ल्या पडल्याचा आवाज झाला आणि पुढचं मला आठवतं ते माझ्या हातातल्या किल्ल्या. तो अजून बुंदीचं नाव घेत होता.

“ताई,” देवरे म्हणाल्या.

“सवय आहे.”

“दिसली.”

त्याने कंगवा पाडला. मी उचलला. त्याने पाकीट पाडलं. मी निम्मी वाकले आणि थांबले. पुन्हा किल्ल्या पडल्या तेव्हा मी दोन्ही हात काखेत दाबून धरले. बुंदी उठलीच नाही. मान वळवून माझ्याकडे बघत बसली, शेपूट हलवत.

देवरेंनी खुर्ची ओढली आणि बसल्या. “शिकली.”

“काय शिकली?”

“वस्तू पडली की या बाईंकडं बघायचं. फुकट काम होत असेल तर लॅब्राडोर कशाला उठेल?”

मिलिंद हसला नाही. त्याने खुर्ची खिडकीकडे वळवली. किल्ल्या फरशीवर तशाच होत्या, आणि खोलीतल्या आम्ही चौघांनी त्या तशाच राहू दिल्या.

खरं सांगायचं तर, बुंदीने माझ्याकडे बघितलं तेव्हा मला बरं वाटलं होतं.

बाहेर आल्यावर देवरेंनी आवाज खाली आणला. “बुधवारी बाजारात चाचणी आहे. तिथं ती तुमच्या तोंडाकडं बघत बसली तर मी तिला तुमच्याबरोबर पाठवणार नाही. आणखी एक जण तिच्यासाठी थांबलेत. सरांना मी हे आज सांगणार नाही.”

“मी करू काय?”

“दोन दिवस दिसू नका. नाशिक बघा, गाडी आहे तुमच्याकडं. आणि बुधवारी काही पडलं की पाठ फिरवायची. हात बांधून उपयोग नाही, तुमच्या चेहऱ्यावरून तिला सगळं कळतं. पाठच फिरवा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना गाडीची किल्ली खोलीत राहिली होती, ती घ्यायला गेले. दार लोटलेलं होतं. आत मिलिंद बोलत होता. “पाय फार जळतायत गं आज. काल रात्रीपासून. नुसती आग.” स्पर्श न कळणारे पायही असे जळतात. तासाभरापूर्वी मी त्याला विचारलं होतं, कसं वाटतंय. तो म्हणाला होता, ठीक. मी किल्ली न घेता व्हरांड्यात थांबले, मग पावलांचा आवाज करत आत गेले. तो म्हणाला, “निघालीस? जाऊन ये.” बुंदी त्याच्या पावलांवर डोकं टेकून झोपली होती.

असं माझं नाशिकदर्शन ठरलं. ज्यांना कुणी हाकलून दिलं नसेल त्यांना ते अधिक आवडेल.

सोमवारी सकाळी मिसळ. नाशिकची मिसळ काळ्या मसाल्याची, रस्सा वेगळा, बरोबर पापड, दही, कुठे कुठे जिलबी. शहराबाहेर बागेत झाडाखाली बसवतात, तिथे जा. दोघांत एक मिसळ पुरते. एकटीला जास्त झाली. शेजारच्या टेबलावर एक बाई नवऱ्याच्या ताटातला पापड न विचारता मोडून घेत होती, त्याचाही मला राग आला.

मग पांडवलेणी. मुंबईच्या रस्त्यावर टेकडी आहे, खाली गाडी लावून पायऱ्या चढायच्या. निम्म्या वाटेवर मला दम लागला आणि लक्षात आलं की सहा वर्षांत मी पायऱ्यांच्या कुठल्याही ठिकाणी गेले नव्हते. देवळं, किल्ले, मैत्रिणीचं दुसऱ्या मजल्यावरचं घर. कोणी मनाई केली नव्हती. वर लेण्यांत गारवा आहे, मूर्ती भव्य आहेत, माकडं नव्हती. ओझरकडून एक लढाऊ विमान घोंगावत आलं आणि शहरावरून वळून गेलं. आता तिकडे कौतुक चालू असेल, असं मनात आलं. मी मूर्ती पुरत्या बघितल्या नाहीत.

मंगळवारी पेठ, गुजरातच्या वाटेवरचं तालुक्याचं गाव. शहरातून निघालं की डावीकडे-उजवीकडे बागा, मग रामशेजचा किल्ला दिसतो, मग चढ आणि सागाची झाडं. रस्ता चांगला आहे, वळणं अवघड नाहीत. समोरून जीपमागून जीप येत होत्या, आत, मागे, टपावर माणसं. पेठमध्ये एका खानावळीत बसले तेव्हा मालकीणबाईंना विचारलं.

“द्राक्षाला चाललेत,” त्या म्हणाल्या. “निम्मं गाव तिकडंच हाय आता. तुम्ही एकट्याच?”

“हो.”

“सायेब?”

“नाशिकला आहेत. कुत्रीबरोबर.”

त्या तव्यावरची भाकरी उलटायच्या थांबल्या. “म्हंजी?”

मी सांगितलं. पडलेलं उचलून देते, दार ओढते, हाक मारली की येते. त्यांनी सगळं नीट ऐकलं.

“आमचा मोती बी लय गुणाचा हुता,” त्या म्हणाल्या. “पर उचलून द्यायचा नाय काय. बिबट्यानं नेला.” भाकरी ताटात टाकली. “आन तुम्ही मग काय करणार दिवसभर?”

मी म्हटलं, बघू. नागलीची भाकरी, उडदाची आमटी, लसणाची चटणी. त्यांनी तिसरी भाकरी न विचारता वाढली आणि पैसे दोनच भाकऱ्यांचे घेतले. पेठला मोठं बघण्यासारखं काही नाही. संध्याकाळी परत आले.

बुधवार. गोदेकाठी त्या दिवशी बाजार भरतो. नाशिकचे लोक नदीला गंगाच म्हणतात, तेव्हा रिक्षावाल्याला ‘गंगेवर’ सांगितलं तरी पुरतं. गाडी लांब लावावी लागते. व्हीलचेअरला दगडी फरसबंदी त्रासाची आहे, पण नदीच्या बाजूने एक बऱ्यापैकी सपाट पट्टा सापडतो. दोन्ही बाजूंना पोत्यांवर भाजी, मसाले, भांडी. मिलिंदने बुंदीचा पट्टा डाव्या हाताला गुंडाळला होता, बुंदी चाकाला लागून चालत होती. देवरे मागे, कोणी अनोळखी असावं तशा. मी पुढे. चाचणीची अट मिलिंदला एव्हाना कोणीतरी सांगितली असावी. तो माझ्याशी बोलत नव्हता.

मेथीच्या ढिगापाशी त्याने पाकीट पाडलं. मी पाठ फिरवली.

समोर मेथी होती आणि मेथीमागे भाजीवाली. साठीची असेल. तिने माझ्याकडे बघितलं, माझ्या खांद्यावरून मागे बघितलं.

“ताई, तुमचंच माणूस ना ते?”

“हो.”

“पाकीट पडलं त्याचं.”

“माहितीये.”

“मंग तोंड इकडं काय करून उभ्या? बिचारा अपंग माणूस, आन बायको पाठ करून उभी. काय दिवस आले.”

मागून मिलिंदचा आवाज आला. “बुंदी, घे.” आणि मग एका पुरुषाचा, “थांबा, थांबा, मी देतो उचलून.” आणखी कोणी म्हणालं, “अहो, धरा त्या कुत्र्याला, पाकीट खाईल.”

इथे मला कोणी काही सांगून ठेवलं नव्हतं. मी पाठ तशीच ठेवली, आणि एक हात मागे आडवा केला. “काका, उचलू नका.”

“अहो, पण पडलंय.”

“पडू दे. ती उचलेल.”

“ती कोण?”

“कुत्री. तिचं काम आहे ते. कोणी हात लावायचा नाही.” माझा आवाज शाळेतल्या बाईंसारखा मोठा झाला होता. “मागे व्हा सगळे. तिला जागा द्या.”

लोक मागे झाले असावेत, कारण मागचा गलका थांबला. मला काही दिसत नव्हतं. मी भाजीवालीकडे बघितलं. ती आता उठून उभी राहिली होती.

“काय करतेय?” मी विचारलं.

“बघती.”

“कोणाकडं?”

“तुमच्याकडं. तुमच्या पाठीकडं.” थोड्या वेळाने, “आजून बघती.”

मिलिंद पुन्हा म्हणाला, “बुंदी, घे.” आवाज शांत होता. मी त्याला ओळखते. तो शांत नव्हता.

“उठली,” भाजीवाली म्हणाली. “वास घेती पाकिटाचा. तुमच्याकडं नाय बघत आता. आता... घेतलं. तोंडात घेतलं की. दिलं. हातात दिलं त्याच्या, माय.”

“शाब्बास गं माझी बाई,” मिलिंद म्हणाला. सगळा बाजार ऐकत होता आणि त्याला त्याचं काही नव्हतं. “किती शहाणी, किती गुणाची.” कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मी मेथीकडे बघत होते. जुड्या ताज्या होत्या, मुळांना माती होती.

“रडू नका,” भाजीवाली म्हणाली. “आन मेथी तरी घ्या. मघापासून गिऱ्हाईक अडवून उभ्या हाये.”

मी दोन जुड्या घेतल्या. खोलीत स्वयंपाकाची सोय नव्हती, त्या केंद्रातल्या स्वयंपाकघरात दिल्या. देवरे मला म्हणाल्या, “जमलं.” कौतुकाचा तेवढाच भाग माझ्या वाट्याला आला.

शुक्रवारी निघालो. बुंदी मागच्या सीटवर, तिचा पट्टा बांधून. कुत्रीबरोबर प्रवास करणाऱ्यांनी दर दोन तासांनी थांबावं, पाण्याचं भांडं घरचंच न्यावं. संगमनेरच्या पुढे आम्ही चहाला थांबलो. मिलिंद गाडीतच होता, मी खिडकीतून त्याला पेला दिला.

“पाय जळतात ते तू तिला सांगतोस,” मी म्हटलं.

त्याने पेला धरून ठेवला. “ऐकलंस होय.”

“मी विचारते तेव्हा ठीक असतं.”

“तुला सांगितलं की तू उठतेस,” तो म्हणाला. “गोळी आणतेस, उशी बदलतेस, पाय उचलून ठेवतेस. आणि मग बघत उभी राहतेस. मग मला बरं वाटलं म्हणावं लागतं. ती ऐकते आणि झोपते.”

मी चहाचे पैसे देऊन आले. गाडी सुरू केली. मागे बुंदी घोरत होती.

आता घरी येऊन बरेच दिवस झाले. जे अशी कुत्री आणायच्या विचारात आहेत त्यांच्यासाठी: सोसायटीला आधी सांगा, लिफ्टवरून वाद होतो. पाहुण्यांना दारातच सांगा की हात लावू नका, ते लावतात, पुन्हा सांगा. केस सगळीकडे होतात. आणि घरातल्या दुसऱ्या माणसाला आधीच काहीतरी काम शोधून ठेवा.

मिलिंद दिवसभर मागत असतो. बुंदी, घे. बुंदी, दे. बुंदी, दार. सहा वर्षांत माझ्याकडे मागितलं नाही तेवढं तो तिच्याकडे एका सकाळी मागतो. ऐकताना मला अजून त्रास होतो. कमी होईल असं देवरे म्हणाल्या होत्या, अजून झालेला नाही. उलट एक नवीनच सवय लागली आहे. काही पडलं की मी पाठ फिरवते. परवा बँकेत एका बाईंच्या हातून पिशवी पडली, बटाटे घरंगळत माझ्या पायाशी आले. मी भिंतीकडे तोंड केलं. त्या काय म्हणाल्या ते इथे लिहीत नाही.

हे सगळं लिहून झाल्यावर मिलिंदला वाचायला दिलं. त्याने वाचलं. बाजाराचा भाग दोनदा वाचला. मग म्हणाला, “पेठ एवढंच?”

“भाकरी लिहिली आहे.”

“भाकरी दुपारी खाल्लीस. आलीस अंधार पडल्यावर.”

मग मी त्याला सांगितलं. जेवण झाल्यावर घाटाच्या अलीकडे एका वळणावर मी गाडी लावली होती. खाली भाताची रिकामी खाचरं होती, एकाखाली एक. एक बाई आणि एक माणूस शेतात सागाच्या फांद्या आणि पाला पसरत होते, पुढे तो जाळून रोपांसाठी जमीन भाजायची असते. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. तो फांदी टाकायचा, ती पसरायची. मी कठड्यावर बसले. ऊन वरच्या खाचरातून खालच्या खाचरात गेलं, तिथून ओढ्यात. मला कोणाची आठवण आली नाही. त्याने गोळी घेतली का, पाय जळतायत का, बुंदी काय करते, यातलं काहीच मनात आलं नाही.

“माझी पण नाही?”

“नाही.”

“एकदाही?”

“एकदाही नाही.”

त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. बुंदी त्याच्या तोंडाकडे बघत उठून बसली. त्याने तिच्याकडे बघितलं नाही.

“एवढं काय होतं तिथं?” त्याने विचारलं.

आवाज साधा ठेवायचा त्याचा प्रयत्न होता. असा आवाज मी नाशिकला आठवडाभर काढला होता, मला तो लगेच कळला. उत्तर द्यायची मी घाई केली नाही.